राजधानीला कुलूप, आणि आमची तिकिटं काढलेली

पत्र

मी ६८ वर्षांचा, पत्नी ६५. दोघंही निवृत्त. जूनपासून न्यू जर्सीला मुलीकडे आहोत, १५ नोव्हेंबरला परतीचं विमान. सोमवार ३ ते गुरुवार ६ नोव्हेंबर असे चार दिवस वॉशिंग्टन पाहायचं ठरलं होतं. हॉटेलचे पैसे भरले आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. मी तीन महिने अभ्यास करून बावीस ठिकाणांची यादी केली, वेळापत्रक आखलं. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून हे शटडाऊन, म्हणजे अमेरिकी सरकारचं कामकाजच बंद! यादीतली चौदा ठिकाणं बंद. एअर अँड स्पेस म्युझियममध्ये जाऊन चंद्रावरचा दगड पाहायचा, ही माझी शाळकरी वयापासूनची इच्छा. तेही बंद. जावई म्हणतात, 'पुढच्या वेळी बघू.' या वयात पुढची वेळ कोणी पाहिली आहे? माझं मत, सगळं रद्द करावं. पत्नी म्हणते, 'मला फक्त लिंकनच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसायचंय, त्या पायऱ्यांना कुलूप लावलंय का?' गुडघे दोघांचेही कुरकुरतात, मला मधुमेह आहे. जावं की न जावं?

उत्तर

नमस्कार.

जा. आणि ती बावीस ठिकाणांची यादी मुलीच्या घरीच ठेवून जा.

तुमचं पत्र चार पानी आहे. जागेअभावी इथे त्याचा सारांश दिला आहे. त्या चार पानांत वहिनींच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, आणि कामाचा प्रश्न नेमका त्यातच आहे. त्याचं उत्तर आधी देते: नाही, त्या पायऱ्यांना कुलूप नाही. लिंकन स्मारक उघड्यावर आहे, दिवसरात्र खुलं असतं, आणि या शटडाऊनमध्येही लोक तिथे जात आहेत. २०१३ सालच्या शटडाऊनमध्ये मात्र अशा उघड्या स्मारकांभोवतीही कठडे लावले होते. पहिल्याच दिवशी दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे सैनिक लांबून आपलं स्मारक पाहायला आले, तर समोर अडथळे. त्यांनी ते बाजूला सारले आणि आत गेले. त्या प्रकाराचा इतका गाजावाजा झाला की पुढच्या शटडाऊनमध्ये उघड्या जागा उघड्याच ठेवल्या गेल्या.

आता तुमच्या रागाकडे वळते. राग रास्त आहे, पण हे काय प्रकरण आहे ते समजलं की तो थोडा निवळेल. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर लेखानुदान घेतात आणि सरकारचा गाडा चालू राहतो. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही, आणि तात्पुरती मुदतवाढही दिली नाही, तर ज्या खात्यांचे पैसे अडले त्यांना अत्यावश्यक सोडून बाकी कामं थांबवावी लागतात, कायदाच तसा आहे. स्मिथसोनियन या सरकारी अनुदानावरच्या संस्थेची संग्रहालयं (तुमचं एअर अँड स्पेसही त्यांतलंच) मागच्या वर्षीच्या शिलकीवर ११ ऑक्टोबरपर्यंत तग धरून होती, १२ तारखेपासून तीही बंद झाली. नॅशनल गॅलरी त्याआधीच, ५ तारखेला. काँग्रेसचं ग्रंथालय, कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, आतल्या फेऱ्या, वनस्पती उद्यान, वॉशिंग्टन मॉन्युमेंट या उंच स्मारकस्तंभाची लिफ्ट हे सगळं बंद. व्हाइट हाऊस आतून पाहण्याची तर यंदा आशाच नको, त्याच्या पूर्वेकडच्या भागावर हातोडा पडतोय. कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की डलेस विमानतळाजवळ विमानांचं आणखी एक मोठं संग्रहालय आहे, तिथे जा. जाऊ नका, तेही स्मिथसोनियनचंच आहे.

'तोपर्यंत उघडेल का?' असंही तुम्ही विचारलंय. आज २२ ऑक्टोबर २०२५, बंदचा बावीसावा दिवस. १९९५-९६ साली २१ दिवस चाललं होतं, २०१३ साली १६, आणि २०१८-१९ साली ३५. यावरून काय भाकीत करणार? शिवाय समझोता झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी दारं उघडतात असंही नाही. २०१९ मध्ये २५ जानेवारीला शटडाऊन संपलं आणि स्मिथसोनियन उघडलं २९ तारखेला. तेव्हा बंदच आहे असं धरून चाला. उघडलं तर तो बोनस.

तुमच्या यादीत एक मोठी चूक आहे, आणि तिचा शटडाऊनशी काही संबंध नाही. सगळं काही चालू असतं तरी ती यादी तुम्हाला झेपली नसती. तुम्ही एका दिवशी 'नॅशनल मॉल, सकाळ' असं लिहिलंय. तो मॉल म्हणजे आपला खरेदीचा मॉल नव्हे, ती कॅपिटॉलपासून लिंकन स्मारकापर्यंत पसरलेली मोकळी हिरवळ आहे. नकाशात ती टाचेएवढी दिसते, पायाखाली तीन किलोमीटरच्या वर भरते. गेलात तर परतही यायचंय. वाटेत सावली कमी, बाकडी लांब लांब. मी साठीत पाऊल टाकल्यावर एका परक्या शहरात असाच 'इथेच तर आहे' म्हणत एक रस्ता चालले होते, आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून ते शहर पाहिलं. तेव्हापासून माझा नियम: दिवसाला दोन जागा, मध्ये झोप.

आणखी एक गोष्ट, जी प्रवासवर्णनं लिहिणारे कधी लिहीत नाहीत. स्वच्छतागृह. शटडाऊनच्या काळात मॉलवरची सरकारी स्वच्छतागृहं उघडी असतील, बंद असतील, किंवा उघडी असून न जाण्यासारखी असतील. तिन्ही शक्यता धरा. मधुमेह आहे, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी जास्त होणारी गोळी असेल तर फिरायच्या दिवशी ती कधी घ्यायची ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. प्रत्येक फेरी अशी आखा की तिची सुरुवात आणि शेवट छपराखालच्या जागेत होईल, मॉलवर सलग दोन तासांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही. हे वाचून हसू येईल, पण सहलीत भांडणं होतात ती बहुतेक अशाच कारणांवरून.

तिसरी गोष्ट उजेडाची. २ नोव्हेंबरच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे तुम्ही सोमवारी पोचाल तेव्हा संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळलेला असेल. तुमच्या वेळापत्रकातलं 'सायंकाळी ५ ते ७, बागा' खोडा.

आता चार दिवस बघू.

न्यू जर्सीहून विमानाने जाऊ नका. हवाई वाहतूक नियंत्रक सध्या बिनपगारी काम करताहेत आणि उड्डाणं लांबताहेत. रेल्वेने सुमारे तीन तास लागतात, अॅमट्रॅक चालू आहे, आणि ६५ आणि त्यावरच्या वयाच्यांना १० टक्के सवलत आहे. तिकीट काढताना वय भरा. दोघंही बसता त्यात, वहिनी अगदी काठावर. उतराल ते युनियन स्टेशन १९०७ साली उघडलेलं, रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेलं आहे. सामान घेऊन घाईने बाहेर पडू नका, दहा मिनिटं मान वर करून त्याचं छत बघा. यादीतलं एक ठिकाण तिथेच झालं म्हणा, फुकटात.

सोमवार प्रवासालाच ठेवा, कारण त्या दिवशी तिथली बरीच खासगी संग्रहालयंही बंद असतात. दुपारी झोप काढा. अंधार पडल्यावर खासगी कंपन्यांच्या बसगाड्या स्मारकं दाखवत फिरतात, त्यातली एक घ्या. दोन-अडीच तासांत शहराचा नकाशा डोक्यात बसतो आणि गुडघ्यांना काही कळतही नाही. अब्राहम लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग, जेफरसन ही सगळी मंडळी रात्री दिव्यांत दिवसापेक्षा चांगली दिसतात, हे माझं पक्कं मत आहे. उतरणं-चढणं किती आहे ते आधी विचारून घ्या.

मंगळवारी ड्यूपाँ सर्कल. हे मेट्रो स्टेशन खूप खोल आहे, त्याचा उत्तरेकडचा सरकता जिना १८८ फूट लांब आहे. वर बघून गरगरत असेल तर लिफ्ट वापरा. लिफ्ट प्रत्येक स्टेशनवर असते, पण रोज कुठली ना कुठली तरी बिघडलेली असते, म्हणून सकाळी मेट्रोच्या संकेतस्थळावर बघून निघा. (मेट्रो शटडाऊनमध्ये चालते, ती केंद्र सरकारची नाही.) तिथून जवळच फिलिप्स कलेक्शन, १९२१ साली एका कुटुंबाने स्वतःच्या घरात उघडलेलं चित्रसंग्रहालय. फ्रेंच चित्रकार रन्वारचं नौकाविहारानंतरच्या जेवणाचं प्रसिद्ध चित्र तिथे आहे. घराच्या आकाराचं असल्यामुळे दमायला होत नाही, बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे. बाहेर पडलात की समोरच्या मॅसाच्युसेट्स अॅव्हेन्यूवर, आपल्या वकिलातीसमोर, गांधीजी काठी घेऊन चालताना दिसतील. दांडीच्या वाटेवरचे. २००० साली वाजपेयी अमेरिकेत गेले होते तेव्हा हा पुतळा उभा राहिला. त्याला ना तिकीट लागतं, ना कुठल्या काँग्रेसची मंजुरी.

त्याच रस्त्याने वर, बसने किंवा टॅक्सीने, वॉशिंग्टन नॅशनल कथीड्रल. आणि आता तुम्ही सावरून बसा. नावात 'नॅशनल' असलं तरी ते सरकारी नाही, एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं आहे, आणि उघडं आहे. १९०७ साली पाया घातला, १९९० साली शेवटचा दगड बसला. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्यांमध्ये एक 'अंतराळ खिडकी' आहे. गडद निळ्या-लाल काचांमध्ये ग्रहांचे गोल, आणि मधोमध बसवलेला एक छोटासा काळसर तुकडा. तो चंद्रावरचा दगड आहे. अपोलो ११ ने आणलेला, जेमतेम सात ग्रॅम. २१ जुलै १९७४ रोजी आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स तिघांनी तो स्वतः येऊन दिला. संग्रहालयातल्या दगडासमोर शाळेच्या सहलींची रांग असते, मागून कोणीतरी ढकलत असतं. इथे तुम्ही समोरच्या बाकावर बसून अर्धा तास बघा. दुर्बीण असेल तर न्या, खिडकी उंचावर आहे. त्याच दुर्बिणीने बाहेर वायव्येच्या मनोऱ्यावर डार्थ व्हेडरचं, म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या खलनायकाचं, कोरलेलं डोकं शोधा. नातवंडं असतील तर त्यांच्या नजरेत तुमचा भाव वाढेल.

बुधवार वहिनींचा.

सकाळी कॅपिटॉल बाहेरूनच बघा. त्याचा घुमट ओतीव लोखंडाचा आहे, यादवी युद्ध पेटलेलं असतानाही त्याचं काम चालू राहिलं. त्याच्या मागच्या बाजूला फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालय आहे, खासगी. १६२३ साली शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह छापला गेला, त्याच्या ८२ प्रती एकट्या या इमारतीत आहेत आणि सगळ्या एका दालनात मांडल्या आहेत. तुम्ही पत्रात शाळेतल्या नाटकाचा उल्लेख केलाय म्हणून हे सुचवते, नाहीतर सकाळभर झोपा काढा, तेही उत्तम.

दुपारी साडेतीनला टॅक्सी करून थेट लिंकन स्मारकापाशी उतरा. मॉल चालत पार करू नका. आधी डावीकडे, म्हणजे लिंकनकडे पाठ करून उभं राहिलं की जी डावी ती, व्हिएतनाम युद्धाची भिंत आहे. काळ्या ग्रॅनाइटच्या लाद्या जमिनीत उतरत जातात, त्यांवर ५८ हजारांहून जास्त नावं. अकारविल्हे नाहीत, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने. हिचा आराखडा केला माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीने, १४२१ प्रवेशिकांमधून तिचा निवडला गेला. आणि तो काळा दगड आलाय बंगळुरूजवळच्या खाणीतून. आपल्या शेजारच्या राज्यातला दगड, आणि त्यावर बोटं फिरवून आपल्या माणसाचं नाव शोधणारी परक्या देशातली म्हातारी माणसं. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा किंवा मुळीच सांगू नका, तुम्ही त्यांना जास्त ओळखता.

मग पायऱ्या. समोरच्या तळ्याच्या काठापासून मोजल्या तर ८७ भरतात. वरपर्यंत चढायलाच हवं असं नाही. वरून अठरा पायऱ्या खाली एक ओळ कोरलेली आहे, २८ ऑगस्ट १९६३ ला मार्टिन ल्यूथर किंग जिथे उभे राहून बोलले ती जागा. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जा, किंवा खालच्याच पायरीवर बसा. नोव्हेंबरात दगड गार पडतो, बुडाखाली घ्यायला घडीची चादर किंवा जाड वर्तमानपत्र न्या. लिंकनबाबा पूर्वेकडे तोंड करून बसलेत, तुम्हीही तसेच बसाल. साडेचारनंतर सूर्य पाठीमागे उतरतो आणि त्याचा उजेड समोर वॉशिंग्टन मॉन्युमेंटवर पडतो.

त्या वेळी त्या ५५५ फुटी खांबाकडे नीट बघा. खालचा सुमारे दीडशे फुटांचा भाग एका रंगाचा आहे, वरचा दुसऱ्या. १८४८ साली काम सुरू झालं, १८५४ साली पैसे संपले. भांडणं झाली, मग यादवी युद्ध आलं, आणि तो ठेंगणा बुंधा पंचवीस वर्षं तसाच उभा होता. १८७९ साली पुन्हा काम हाती घेतलं तेव्हा तोच दगड मिळेना, दुसऱ्या खाणीचा आणावा लागला. १८८४ साली पूर्ण झाला. तुमची सहल ज्यामुळे अडली, तो प्रकार त्या शहराने आपल्या सगळ्यात उंच खांबावर कायमचा मिरवलाय. आत लिफ्टने वर गेला असतात तर ही रेघ दिसलीच नसती.

गुरुवारी दोनपैकी एकच ठिकाण निवडा. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन हे घर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, नदीकाठी आहे. १८५८ साली ते पडायला आलं होतं तेव्हा बायकांच्या एका संस्थेने वर्गणी काढून विकत घेतलं, आजही तीच चालवते, सरकारचा पैसा घेत नाही, आणि वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. स्वातंत्र्याच्या त्या सेनापतीच्या जमिनीवर १७९९ साली ३१७ गुलाम होते, हेही तिथे लपवलेलं नाही. गुलामांच्या राहायच्या खोल्या बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. दुसरं ठिकाण आर्लिंग्टनची सैनिकी दफनभूमी, मेट्रोने थेट जाता येतं, केनेडी तिथेच आहेत, अनाम सैनिकाच्या समाधीपाशी दर तासाला पहारा बदलतो. तिथे चढ आहेत, म्हणून गाडीतून फिरवतात ती सहल घ्या. मी तुमच्या जागी असते तर माउंट व्हर्ननला गेले असते.

काही किरकोळ गोष्टी. मुलीने दिलेलं प्रवासी पुस्तक दोन वर्षांपूर्वीचं असेल तर त्यातले बसचे नंबर विसरा: यंदाच्या जूनअखेर सगळ्या मार्गांची नावं बदलली, आणि 'सर्क्युलेटर' नावाची स्वस्त बस ३१ डिसेंबर २०२४ लाच बंद झाली. स्टेशनांवर गणवेशातले सैनिक दिसतील, दचकू नका. पासपोर्ट आणि आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत खिशात ठेवा, परदेशी पाहुण्यांनी नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा तिथला नियमच आहे. आणि ज्या जागी जाणार ती उघडी आहे का, हे आदल्या रात्री त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर बघा. शटडाऊनमधल्या बातम्या आठवडाभरात शिळ्या होतात, माझ्या या उत्तरासकट.

रद्द करण्याबद्दल एकच सांगते. तुम्हाला फक्त संग्रहालयंच बघायची असती, तर मीही रद्दच करा म्हटलं असतं. पण बावीसातली आठ उघडी आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आणि हॉटेलचे पैसे दोन्ही परिस्थितींत गेलेलेच आहेत. यादी करायला तीन महिने लागले हे मला कळतं. मीही याद्या करणारीच आहे. पण ती यादी करताना वहिनींना कुठे जायचंय ते किती वेळा विचारलंत? पत्रावरून तरी असं वाटतं की शटडाऊन झाल्यावर पहिल्यांदा.

रेल्वेची तिकिटं आजच काढा, उशीर केला की दर चढतात. सोमवारी सकाळी दहानंतरची गाडी बघा, नाश्ता आणि गोळ्या घरीच होतील. जागा डाव्या बाजूची मिळाली तर बाल्टिमोरच्या अलीकडे सस्क्वेहाना नदीवरचा पूल येतो, तेव्हा खिडकी वहिनींना द्या.